हात थरथरतो, ती करणी नव्हे



जिंतूर-गंगाखेडकडच्या गावांत एखाद्या वयस्क माणसाचा हात बसल्या जागी थरथरू लागला, पाऊल फरफटू लागले, की कुणी म्हणते करणी झाली, कुणी म्हणते बाहेरची बाधा. मग देवऋषी, अंगारा, कोंबडे. मजुरीचा पैसा जातो आणि दुखणे वाढतच राहते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला या जंजाळातून बाहेर काढले. कारणाशिवाय काही घडत नाही, हे तथागतांनी शिकविले. तेव्हा या थरथरीचे कारण काय, ते आपण समजून घेऊ.

मेंदूच्या मध्यभागी काळसर पेशींचा एक लहान पुंजका असतो. या पेशींचे लांब धागे स्ट्रायटम नावाच्या भागापर्यंत जातात आणि तेथे डोपामिन हे रसायन सोडतात. हा रसायनाचा निरोप नीट पोहोचला तरच हात-पाय मनाप्रमाणे हलतात. पेशी मरू लागल्या की निरोप तुटतो. यालाच कंपवात किंवा पार्किन्सनचा आजार म्हणतात. हालचाल मंदावते, अंग ताठरते, चेहरा कोरा दिसतो, अक्षर बारीक होते.

डोपामिन बाहेरून दिले तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा मात्र शिरते आणि तेथे त्याचे डोपामिन बनते. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून या शोधाचा पाया घातला. २००० साली त्यांना नोबेल मिळाले. आपल्या रानातल्या खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपा असते. दामोदरन आणि रामस्वामी या आपल्या देशातील संशोधकांनी ते १९३७ सालीच वेगळे काढले होते. पण म्हणून बिया कुटून खाऊ नका. किती औषध पोटात गेले, हे त्यात कळत नाही.

प्रत्येक थरथर कंपवाताची नसते. म्हणून आधी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात तपासून घ्या. गोळ्यांनी आजार मुळापासून जात नाही, पण माणूस पुन्हा आपल्या हाताने जेवू शकतो, चालू शकतो. गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच घ्यावी. डाळ, दूध, अंडी यांच्यासोबत घेतल्यास तिचा गुण कमी येतो. बरे वाटले म्हणून ती एकाएकी बंद करू नये, त्यात जिवाला धोका आहे.

आणि एक सांगणे. विहारात वंदनेला आलेल्या आजोबांचा हात थरथरला, तर ‘घेऊन आलेत’ म्हणून हसू नका. त्यांना हाताला धरून बसवा, आणि घरच्यांना दवाखान्याची वाट दाखवा.