म्बारेतल्या आज्या
झिम्बाब्वेची राजधानी हरारे. 2006 साली तिथल्या म्बारे वस्तीतल्या पालिका दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांना ना खोली मिळाली, ना परिचारिका. मिळाल्या त्या 14 आज्या, पालिकेच्याच आरोग्यसेविका. मग आवारातच लाकडी बाक टाकला आणि आज्या लोकांच्या मनातलं दुःख ऐकू लागल्या. एकावेळी एकच अडचण घ्यायची, वाट मात्र समोरच्यानेच शोधायची! मनाचा त्रास किती, हे शोना भाषेतले 14 प्रश्न सांगतात. ते तयार करणाऱ्यांत गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेचे एक संस्थापक डॉ. विक्रम पटेल होते. पुढे शहरातल्या 24 दवाखान्यांत या पद्धतीची चाचणी झाली. 2016मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरीच कमी होती. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्यांना आज्या लगेच वरिष्ठांकडे पाठवतात.