दारू सोडवण्याचे औषध पुडीत नव्हे, रुग्णालयात मिळाले पाहिजे

गोवंडी, बैंगनवाडी, शिवाजीनगर, देवनार व मानखुर्द येथील नागरिकांस जाहीर आवाहन

दारूचे व्यसन हा केवळ स्वभावदोष मानून समाज आजही शपथा, गंडेदोरे आणि मारझोड यांवर विसंबत असला, तरी कायदा तसे मानत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने मद्याच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना आजाराच्या व्याख्येत घेतले असून, शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क कलम १८ अन्वये दिला आहे. तरीही दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र शासनासाठी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मद्यावलंबी ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचे आढळले.

ही पोकळी लोकलच्या डब्यांत ‘न सांगता दारू सोडवा’ असे स्टिकर चिकटवणाऱ्यांनी भरून काढली आहे. त्यांच्याकडून मिळणाऱ्या पुडीत काय आहे ते बहुधा कोणी सांगत नाही. बायकोने ती डाळीत कालवावी आणि नवऱ्याने नकळत खावी, एवढीच अपेक्षा असते. तीत डायसल्फिराम असेल, तर गाठ जिवाशी आहे. यकृतात दारूचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात आणि मग निरुपद्रवी पदार्थात रूपांतर होते. डायसल्फिराम ही दुसरी पायरी रोखते, त्यामुळे वर दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो आणि हृदयरोगी दगावूही शकतो. म्हणूनच डॉक्टर हे औषध रुग्णाच्या संमतीने देतात आणि शेवटच्या गोळीनंतरही सुमारे दोन आठवडे दारू वर्ज्य असल्याचे बजावतात; ज्याला काहीच सांगितलेले नाही, तो मात्र संध्याकाळी नेहमीप्रमाणे गुत्त्यावर जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या आजारासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलेली दोन औषधे निराळ्या रीतीने काम करतात. नाल्ट्रेक्सोन हे मेंदूतील ओपिऑइड ग्राही, म्हणजे दारूच्या सुखाशी संबंधित जागा, अडवून पिण्याची ओढ कमी करते. परंतु कोडीनचे सिरप किंवा ब्राउन शुगर घेणाऱ्याला ते दिल्यास तीव्र त्रास उद्भवतो, म्हणून आधी विचारपूस अनिवार्य ठरते. ॲकॅम्प्रोसेट हे दारू सोडलेल्याला सोडलेलीच ठेवण्यास मदत करते आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने यकृत बिघडलेल्यांनाही बहुधा चालते, मात्र मूत्रपिंडाच्या गंभीर विकारात वर्ज्य असते. यांपैकी एकही गोळी समुपदेशनाची जागा घेत नाही, पण समुपदेशनाला ती बळ देते.

म्हणून पुढील मागण्या करण्यात येत आहेत:

१. गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयात ही औषधे विनामूल्य व अखंड मिळावीत आणि साठ्याची स्थिती बाह्यरुग्ण विभागातील फलकावर रोज लिहिली जावी.

२. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास कंप, फिट व भ्रम होऊ शकत असल्याने, अशा रुग्णांसाठी खाटा राखून थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, व देखरेखीची सोय असावी.

३. अन्न व औषध प्रशासनाने पुड्यांचे नमुने तपासून विक्रेत्यांवर कारवाई करावी.

देशी दारूच्या बाटलीवर उत्पादन शुल्क वसूल करणाऱ्या शासनाला औषधासाठी निधी नाही असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. आणि पुडी घरात आली असेल तर कुटुंबाने ती जेवणात न घालता डॉक्टरांपुढे ठेवावी व रुग्णाला सर्व सांगून सोबत न्यावे.