बोटे जागी राहावीत म्हणून

डिसेंबर लागला की आपल्या घराघरांतून एक वाक्य ऐकू येते, "स्वेटर घाल, मफलर बांध." डोके झाकले, छाती झाकली की अम्मीचे समाधान होते. हात मात्र उघडेच राहतात. खरे तर दुचाकीवर सगळ्यात पुढे हातच असतात. वारा आधी त्यांनाच भिडतो आणि गाडी थांबवायचे कामही त्यांनाच करायचे असते.

धाराशिव शहर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर आहे. थंडीत आकाश निरभ्र असते, त्यामुळे रात्री जमीन भराभर निवते. काही पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास येतो. ओढ्याच्या पुलावरून जाताना एकदम गारठा जाणवतो, कारण थंड हवा जड असते आणि खोलगट जागेत साचते. त्यात गाडीचा वेग. पारा 10 अंशांवर आणि वेग ताशी 50 किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला थंडी 5-6 अंशांइतकी जाणवते. एवढ्या थंडीत अर्ध्या तासात बोटे बधिर होतात.

बधिर बोटे ही केवळ त्रासाची बाब नाही. ताशी 50 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर पुढे जाते. ब्रेकवर बोटे पोहोचायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी 7 मीटर पुढे गेलेली असते. आपल्याकडे थंडी म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम. धुक्यात, मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर आली, तर तेच 7 मीटर हिशेबाचे ठरतात. शनिवारच्या सकाळच्या शाळेला निघालेले शिक्षक, दूध घालायला जाणारा शेतकरी, पहाटे बाजार समिती गाठणारा बागवान, क्लासला जाणारी मुले, सगळे याच रस्त्यावर असतात.

म्हणून हातमोजे घेताना पहिला प्रश्न "किती जाड?" हा नसावा. "वारा अडतो का आणि बोटे वळतात का?" हे आधी पाहावे. विणलेले लोकरीचे मोजे घरात उबदार वाटतात, पण गाडीवर त्यांच्या विणीतून वारा आरपार जातो आणि मुठीवर हात घसरतो. बाहेरून वारा अडवणारे कापड किंवा चामडे, आतून मऊ अस्तर आणि तळव्याला पकड, असा मोजा चांगला. फार जाड मोजात बोटांना ब्रेकची दांडी नीट कळत नाही. फार घट्ट मोजात रक्त खेळत नाही आणि बोटे उलट लवकर गारठतात.

दुकानात मोजा घालून मूठ वळून पाहावी. बोटाच्या टोकाला थोडी मोकळी जागा हवी, लोंबणारे टोक नको. मग बाहेर उभ्या असलेल्या आपल्याच गाडीवर बसून क्लच आणि ब्रेक दाबून पाहावा, इंडिकेटर आणि हॉर्न अंगठ्याला लागतात का ते बघावे. मनगटावर पट्टा असावा आणि मोजा व बाही यांच्यात फट राहू नये, नाहीतर वारा थेट कोपरापर्यंत जातो. जमले तर बोटांच्या सांध्यांवर कठीण कवच आणि तळव्यावर दुहेरी थर असलेला मोजा घ्यावा. पडताना माणूस आधी हातच टेकवतो.

चामड्याचा मोजा घेताना आपल्याला आणखी एक गोष्ट बघावी लागते. बकरीचे चामडे पातळ, लवचिक आणि टिकाऊ असते. दुचाकीसाठी ते उत्तम. पण काही हातमोजे डुकराच्या चामड्याचेही असतात. लेबल वाचावे. त्या चामड्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या पुंजक्यात दिसतात. शंका आली तर सरळ कापडी मोजा घ्यावा.

पडद्यासाठी अनेक मुली काळे नायलॉनचे मोजे घालतात. स्कूटीवर ते थंडी अडवत नाहीत आणि मुठीवर घसरतात. ते आत घालून वरून वारा अडवणारा मोजा घातला, तर पडदाही राहतो आणि ऊबही. मागे बसणाऱ्यांना आणि पुढे बसवलेल्या लहानग्यालाही मोजे हवेत. सगळा वारा त्याच्या इवल्या हातांवर येत असतो.

फजरनंतर लगेच निघणाऱ्यांनी वुजूचे हात आणि बोटांच्या बेचक्या टॉवेलने नीट कोरड्या करूनच मोजे घालावेत. ओला हात लवकर गारठतो. चामडी पायमोजांवर मसह करता येतो, तसा हातमोजांवर करता येत नाही. वुजूला ते काढावेच लागतात. म्हणून सहज निघणारे मोजे बरे. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो आणि येत्या काही वर्षांत तो ऐन थंडीत येणार आहे. तेव्हा सहरी आणि फजर उरकून कामावर निघणाऱ्यांना हे रोजचेच होईल.

बोटे बधिर झालीच तर गाडी बाजूला घ्यावी, हात काखेत धरून ऊब द्यावी. गरम सायलेन्सरजवळ हात नेऊ नये. बधिर कातडीला चटका कळत नाही. घरातल्या मधुमेही वडीलधाऱ्यांना तर ही ताकीद आवर्जून द्यावी.

तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडून देणे नव्हे. आधी तो बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, अशी आपल्याला शिकवण आहे. हे शरीर त्याची अमानत आहे. घरातून जो रोज पहाटे गाडी काढतो, त्याच्यासाठी या महिन्याच्या किराण्याच्या यादीत हातमोजांची एक जोडी लिहून टाका. आणि त्याचे माप घ्यायला त्यालाच दुकानात न्या.