किंमतहीन मुद्देमाल

खटल्याचा निकाल लागला की आपण पेपराचं पान उलटतो. आरोपी सुटला की आत गेला, एवढंच आपल्याला हवं असतं. पण पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं, याचा विचार कोण करतं?

निकालपत्राच्या अगदी शेवटी मुद्देमालाबद्दल एक-दोन ओळी असतात. दागिना मूळ मालकाला द्यावा. रक्ताचे कपडे, काठी, चप्पल किंमतहीन म्हणून नष्ट करावेत. तेही लगेच नाही. साधारण दोन महिने थांबायचं आणि अपील झालंच तर त्याचा निकाल लागेपर्यंत. हे योग्यच आहे. वरच्या कोर्टाला पुरावा पाहावासा वाटला तर तो जागेवर हवा ना!

गाडं अडतं ते वेगळीकडेच. मुंबईतल्या 'चिराग दीन' या शर्टांच्या प्रसिद्ध दुकानाच्या मालकांकडे कुलाब्याला १९९८ मध्ये दरोडा पडला. काही सोनं त्याच वर्षी सापडलं. १९९९ मध्ये पकडलेले आरोपी निर्दोष सुटले. पण दोन आरोपी फरारी, म्हणून सोनं अडकलं! ते घरच्यांना परत देण्याचा आदेश निघाला जानेवारी २०२२ मध्ये. ज्यांनी ते विकत घेतलं ते तोवर हयातही नव्हते.

ही झाली वकील देऊ शकणाऱ्यांची गोष्ट. अंबरनाथच्या कारखान्यात रोजावर जाणाऱ्या बाईचं मंगळसूत्र गाडीत खेचलं गेलं आणि नशिबाने सापडलं, तर तिने किती खाडे करायचे?

सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं होतं की अशा वस्तू पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त पोलीस ठाण्यात ठेवू नयेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तर वस्तू कोर्टापुढे आल्यावर चौदा दिवसांत यादी करायची, फोटो काढायचे आणि त्यानंतर तीस दिवसांत त्या वस्तूचं काय करायचं ते ठरवायचं, असं स्पष्ट लिहिलंय. तरी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजणाऱ्या दुचाक्या आपण उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत सगळ्यांनीच पाहिल्यात.

माझं म्हणणं दोनच गोष्टींचं. एक, वस्तू परत द्यायचा आदेश झाला की मालकाला घरी पत्र जावं, निदान फोन तरी. त्याने खेटे घालून चौकशी करायची, हे उलटं झालं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 'किंमतहीन' वस्तू जाळण्याआधी घरच्यांना एकदा विचारावं. खून झालेल्या मुलाचं बंद पडलेलं घड्याळ, त्याचं दप्तर, फोनमधले फोटो... बाजारात किंमत शून्य, कबूल. पण त्याच्या आईला विचारलंय का कुणी? ती कदाचित नको म्हणेल. डोळ्यांसमोर नको, असंही वाटू शकतं. पण ते तिने ठरवावं. 'किंमतहीन' हा शब्द तिच्या वतीने दुसऱ्या कुणी लिहू नये.

पोलिसांना आधीच कामं कमी आहेत का, असं काहीजण म्हणतील. खरंय. पण कोठारातला पसारा कमी झाला तर त्यांचाच भार हलका होईल.

तोवर नातेवाईकांना एक मास्तरकीचा सल्ला: दागिन्यांच्या पावत्या, तक्रारीची प्रत आणि गुन्ह्याचा नंबर एका पाकिटात जपून ठेवा. आणि निकालाच्या दिवशी शेवटचा परिच्छेद नक्की विचारून घ्या. आपली वस्तू तिथेच असते.