नखुरडे : क्षुद्ररोग, पण क्षुल्लक नव्हे

गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाच्या लाभक्षेत्रात खरिपाबरोबर उन्हाळी धानही घेतले जाते. साहजिकच रोवणीच्या दिवसांत बांधीतील चिखलात दिवसदिवस भिजलेले हातपाय आणि त्यामागोमाग ठणकणारी नखे घेऊन रुग्ण आपल्या दारी येतात. जलाशयावर मासे व झिंगे धरणाऱ्यांचीही हीच तक्रार असते. अशा रुग्णास औषधी दुकानातून वेदनाशामक गोळी आणि एखादे मलम देऊन वाटेस लावण्याची जी रीत पडली आहे, ती सोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या १३व्या अध्यायात चिप्प आणि कुनख हे दोन्ही व्याधी क्षुद्ररोगांत वर्णिले आहेत. पित्त व वात नखमांसाचा आश्रय करून वेदना, दाह व पाक उत्पन्न करतात, ते चिप्प, लोकभाषेत नखुरडे. आघाताने नख रूक्ष, कृष्णवर्ण व खरखरीत होते, ते कुनख. येथे ‘क्षुद्र’ शब्दाचा अर्थ क्षुल्लक असा घेणे हा ग्रंथावर अन्याय होय. चिकित्सास्थानाच्या २०व्या अध्यायात चिप्पासाठी उष्णजलसेक, छेदन, स्रावण, राळेचे चूर्ण आणि बंध असा पूर्ण क्रम दिला आहे, तो उगाच नव्हे.

म्हणून प्रथम कारण शोधावे. एकाच बोटास दोन-चार दिवसांत लाली, ठणका व पू आला, तर तो बहुधा जंतुसंसर्ग. अनेक बोटांच्या कडा महिनोन्‌महिने सुजलेल्या असतील, तर ओलावा, खते वा साबण यांचा क्षोभ आणि बुरशी यांचा विचार करावा. तेथे हात कोरडे राखणे हेच मुख्य औषध. पायाच्या अंगठ्याचे नख कोपऱ्यात खोल कापल्याने ते मांसात रुतते. नख सरळ कापावे, एवढे सांगितले तरी अनेकांची वेदना टळेल. पक्षातून तीन वेळा नखे कापण्याचा चरकोक्त सद्वृत्ताचा उपदेश रुग्णास याच वेळी सांगावा.

बोटात लिंबू खोचणे हा घरगुती उपाय सर्वत्र आहे. त्याची थट्टा करू नये; मात्र पू धरल्यावर लिंबाखाली तो दडून राहतो, हे समजावून सांगावे. पू झाल्यास अधिकारी व्यक्तीने निर्जंतुक शस्त्राने त्याचा निचरा करावा आणि धनुर्वाताच्या लसीची विचारपूस करावी. दाढीचे पाते हे शस्त्र नव्हे.

खरी जोखीम पुढेच आहे. वारंवार नखुरडे होणाऱ्याच्या रक्तातील साखर तपासलीच पाहिजे. पूर्व विदर्भात कुष्ठरोग व सिकलसेल हे दोन्ही आजार आढळतात. नखाशी जखम चिघळली आहे आणि रुग्णास वेदना नाही, तर समाधान मानू नये, संवेदना तपासावी. लहान बालकाच्या हातापायांची बोटे सुजून ते आक्रंदत असेल, तर ते नखुरडे समजून लेप लावत बसू नये; सिकलसेलची तपासणी करवावी. मार न लागता नखात उमटलेली व रुंदावत जाणारी काळी रेघ कर्करोगाचीही असू शकते. लाली हातावर चढणे, ताप येणे, बोट वाकवता न येणे ही त्वरित रुग्णालयात पाठविण्याची लक्षणे होत.

औषधी विक्रेत्यांना विनंती आहे की, स्टेरॉइडमिश्रित मलम हाती देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : किती दिवस झाले? मधुमेह आहे काय? स्पर्श कळतो काय? उत्तर शंकास्पद वाटल्यास रुग्णास वैद्याकडे धाडावे. त्यात एका मलमाची विक्री बुडेल. पण रोवणीच्या मजुरीवर ज्याचे घर चालते, त्याचे बोट वाचेल. वैद्यांनीही रुग्ण पुढे पाठविण्यात कमीपणा मानू नये. साध्यासाध्य ओळखणे हा आपल्या शास्त्राचाच आदेश आहे.