ओहोटीच्या वेळी डहाणू

मुंबईतलं काम एक दिवस आधीच आटोपलं. परतीची गाडी दुसऱ्या रात्रीची. समुद्र पाहायचा तर चौपाटी होतीच, पण मी सकाळी विरारहून डहाणूची लोकल धरली. २०१३ पासून लोकल तिथवर जाते. पुढे बोर्डी, झाई, आणि मग गुजरात. आपल्या किनाऱ्याचं हे उत्तरेकडचं टोक.

बंदर खाडीच्या तोंडाशी आहे. मी पोचले तेव्हा ओहोटी लागलेली. होड्या चिखलात कुशीवर कलंडलेल्या. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. जवळच पोर्तुगीजांचा किल्ला. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३९ साली तो मराठ्यांकडे आला. पण मला किल्ल्यापेक्षा गावच जास्त आवडलं. उतरत्या कौलांची घरं, चिकूच्या वाड्या, त्यांच्या मागे सुरूची झाडं आणि मग एकदम समुद्र.

सुकी मासळी विकणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "कुठून आलात, ताई?"

"नागपूरहून."

"म्हणजे धर्माधिकारी साहेबांच्या गावच्या!" त्यांनी बसायला पाट पुढे सरकवला.

न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. नागपुरात आम्ही त्यांना दादा धर्माधिकारींचे चिरंजीव, गांधीविचारांचे वक्ते म्हणून ऐकत आलो. डहाणूत त्यांची ओळख वेगळी आहे. १९९१ साली केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. ते कागदावरच राहू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये प्राधिकरण नेमलं गेलं आणि त्याचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. १९९८ मध्ये याच तालुक्यातल्या वाढवणच्या नियोजित महाकाय बंदराला याच प्राधिकरणाने नकार दिला. इथल्या औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायलाही प्राधिकरणानेच भाग पाडलं. कोळशाचं केंद्र आहे, तरी शेजारी चिकूच्या वाड्या उभ्या आहेत.

मावशींकडून हे ऐकताना मला नागपूरजवळची कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक केंद्रं आठवत होती. तशीच यंत्रणा आमच्याकडे बसावी म्हणून नागपूरची माणसं वर्षानुवर्षं मागणी करताहेत. आमच्या गावच्या माणसाने आठशे-नऊशे किलोमीटरवरच्या मच्छीमारांसाठी आणि वाडीवाल्यांसाठी जे मिळवलं, ते आमच्या कन्हान-कोलार काठच्या गावांनाही मिळायला हवं. राखेने माखलेलं शेत एकदा पाहिलं की यात दुसरं मत उरत नाही.

मावशी मांगेला या मच्छीमार समाजाच्या. वाढवणचा विषय निघाला तसा त्यांचा हात थांबला. धर्माधिकारी ३ जानेवारी २०१९ रोजी गेले. २०२३ च्या जुलैत प्राधिकरणाने त्याच बंदराला संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये. देशाला मोठी बंदरं लागतात, हे मला मान्य आहे. पण उथळ, खडकाळ किनाऱ्याच्या ज्या पट्ट्यात मासळी अंडी घालते, त्याच पट्ट्यावर भराव पडणार असेल, तर जाळं टाकायचं कुठे, या प्रश्नाचं उत्तर मावशींना आधी मिळायला हवं होतं. "पैसे देतील म्हणतात," त्या म्हणाल्या. "पैसे पोरांना पुरतील. नातवंडांना काय?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी अर्धा किलो सुके बोंबील घेतले. त्यांनी मूठभर सुकट वरून घातली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

दुपार कलताना भरती चढू लागली. आधी चिखलातल्या ओघळांतून पाणी आलं, मग होड्यांच्या बुडाला लागलं. कलंडलेली एक होडी हलली, क्षणभर अडखळली आणि सरळ झाली. मग तिच्या शेजारची. दोन तरुण कमरेभर पाण्यातून चालत गेले, नांगर उचलला आणि इंजिन सुरू केलं. स्टेशनची रिक्षा उभी होती, तरी ती होडी खाडीच्या तोंडाबाहेर दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच थांबले.