गुरुजींची उन्हाळी सुटी

नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० पासून ९५ गावांची भातशेती व मिठागरे सरकारने घेतली. वाजवी मोबदला मागितला म्हणून १९८४ च्या जानेवारीत जासईच्या बाजूस पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी पडले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्याच मुलखात, खारघरास, टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधनाची संस्था २००२ साली परळहून आली. होमी भाभा राष्ट्रीय संस्था या विद्यापीठाशी ती जोडलेली आहे. तेथे ठिकठिकाणचे विद्यार्थी शिकावयास येतात, ते येवोत. आमचा प्रश्न इतकाच, की आसपासच्या शाळांत विज्ञान शिकविणाऱ्या गुरुजींस त्या दारातून आत कोण बोलावणार?

गुरुजी पेशीची आकृती फळ्यावर काढितात, मुले ती वहीत उतरवितात व परीक्षेत पुन्हा उतरवितात. यात गुरुजींना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांसही फळ्यावरच शिकविले गेले. पण रंधा हाती न धरता सुताराचे पोर सुतारकी शिकते काय? चाकाचे चित्र दाखवून कुंभार कधी मडके घडवावयास शिकवितो काय? आपल्या घरात पोराटोरांस कळणारी गोष्ट शिक्षणखात्यास कळू नये, याचे नवल वाटते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९९० साली हे करून पाहिले. शाळांतील विज्ञानशिक्षकांस लागोपाठ दोन उन्हाळे, आठ-आठ आठवडे, मानधन देऊन प्रयोगशाळेत घेतले. पाहुणे म्हणून नव्हे. शास्त्रज्ञांच्या शेजारी बसून, ज्यांची उत्तरे कोणत्याच पुस्तकात नाहीत अशा प्रश्नांवर त्यांनी काम केले. २००९ साली याचा हिशेब 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. आधी या शिक्षकांची मुले इतरांइतकीच पास होत. तीन-चार वर्षांनी त्यांचे पास होण्याचे प्रमाण इतरांहून सुमारे दहा टक्के अधिक भरले. आपल्याकडेही तीन विज्ञान अकादम्या दोन महिन्यांची उन्हाळी संशोधनवृत्ती देत आल्या आहेत, परंतु तिचा रोख महाविद्यालयांकडे. गावच्या शाळेपर्यंत ते पाणी पोहोचत नाही.

आणि पोहोचले तर काय होईल? आपल्या आयाबहिणी मशेरी लावितात, बाप्ये तंबाखू मळतात. तोंडाचा कर्करोग त्यातून होतो हे पाकिटावर छापलेले असते; ते वाचून कोणी सोडली? पण ज्या गुरुजींनी रोगी तोंडातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिल्या, ते वर्गात बोलतील तेव्हा पोर घरी जाऊन आजीच्या हातची डबी काढून घेईल.

सुटीत गुरुजींना वेळ कोठे, असे कोणी म्हणेल. जनगणना व निवडणूक यांची कामे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्यांच्या माथी ठेविलीच आहेत. त्यांसाठी वेळ निघतो, तर यासाठीही निघावा. प्रवासखर्च व मानधन मात्र द्यावे, पदरमोड करावयास लावू नये. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत चारांपैकी तीन सभासद पालक असतात. तेव्हा शेतकरी व कारागीर बंधूंनो, पुढील बैठकीत रंगरंगोटीचा विषय थोडा मागे सारा, आमच्या गुरुजींस येत्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत पाठवा असा ठराव लिहा, आणि त्याची एक प्रत खारघरला व एक शिक्षणाधिकाऱ्यांकडे धाडा.